तळाची मूठ

हिमघाट पडद्यावर दिसू लागल्यापासून वसुधा कारखानीस खुर्चीत टिकत नव्हती. पट्टा बांधायची, सोडायची, तरंगत खिडकीशी जायची, परत यायची. ‘टिटवी’ची ती यानप्रमुख, पण आज यानात तिच्याइतकं अस्वस्थ काहीच नव्हतं.

हिमघाट म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्यातला बर्फाचा डोंगर आणि त्यावरचं स्वयंचलित इंधनकेंद्र. बर्फापासून इंधन बनवायचं आणि येणाऱ्या यानाला चुंबकी झेलजाळ्यात अलगद थांबवायचं, हे त्याचं काम. जाळं एकच. एका वेळी एकच यान.

‘टिटवी’ची टाकी संपत आली होती, आणि पलीकडून ‘गजराज’ येत होता. अवाढव्य मालवाहू यान, टाक्या निम्म्याहून भरलेल्या, आत एकही माणूस नाही. तो आधी जाळ्यात शिरला असता, तर त्याच्या टाक्या भरेपर्यंत ‘टिटवी’तली ऊब संपली असती, आणि तिच्याबरोबर आतली दोन माणसंही.

“त्याला आपली अवस्था सांगितलीस ना?”

“तीनदा, बाई,” मार्गदर्शक इद्रिस मुकादम म्हणाला. “ऐकून घेतो आणि येत राहतो.”

हाकांवर कुणी थांबण्याचे दिवस सरले होते. जाळं आधी मिळावं म्हणून जो तो ‘मरतोय, वाचवा’ ओरडू लागला, तेव्हा यंत्रांनी शब्दांवरचा विश्वास काढून घेतला. आता प्रत्येक यान आपल्या टाकीत किती उरलंय ते सतत सर्वांना कळवत असे. याला इंधनघोष म्हणत. यंत्रं तेवढंच खरं मानत.

माणसंही फार वेगळी राहिली नव्हती. संदेशयंत्रावर मागच्या एका यानातून खरखरीत आवाज येत होता. “‘काजवा’वरून हेरंब शेंडे बोलतोय. एकटा आहे. इंधन जवळपास संपलंय. माझा इंधनघोष बिघडलाय...”

“घोष बिघडला म्हणे! नेमका बरा बिघडतो,” वसुधा म्हणाली आणि तिने आवाज बंद केला. “आपण थोडं थांबू. ‘गजराज’ वेग कमी करेल, काहीतरी होईल.”

“वसतिगृहात पोकर खेळायचो ना आम्ही, तिथे असे लोक असायचे,” इद्रिस म्हणाला. “पणाला लावायच्या चिप्स संपत आलेल्या, आणि म्हणायचे, चांगलं पान आलं की ऑल-इन करू, सगळं एकदम लावू. पान यायच्या आधी दर फेरीची सक्तीची वर्गणीच त्यांना खाऊन टाकायची.”

“इथे कसली वर्गणी?”

त्याने गरम हवेच्या झरोक्यावर हात धरला. “ही. ऊब त्याच टाकीतून येते.”

“बरं. आत्ता सगळं लावलं, तर तो का घाबरेल? यंत्र आहे ते.”

“घाबरत नाही, हिशेब करतं. आत्ता सगळं इंधन जाळलं तर आपला वेग एवढा होईल की धडकेत त्याचा कणा मोडेल. त्यापेक्षा बाजूला होणं त्याला स्वस्त. उशीर केला तर उरलेल्या इंधनात आपण त्याला नुसती ढुशी मारू. ढुशी खाणं वळण्यापेक्षा स्वस्त, मग तो कशाला वळतोय? ऑल-इनची ताकद आपल्या पानांत नसते, बाई. समोरच्याने स्वतःची पानं टाकून डाव सोडण्यात असते. आणि आपल्या चिप्सच्या ढिगाचा धाक आहे तोवरच तो टाकतो.”

“आणि नाही टाकली तर?”

“मग पानं उघडावी लागतील. आपली तर तुम्हाला ठाऊकच आहेत.”

वसुधाने पट्टा बांधला. इंजिन गरजलं, आणि दोघंही खुर्चीत रुतली. हिमघाट झपाट्याने मोठा होऊ लागला. ‘गजराज’ही मोठा होऊ लागला.

तो वळला नाही.

“हे काय?” इद्रिसने टाकीचा आकडा पाहिला. “बाई, तळाशी ठेवलंत?”

“मूठभर. आईची शिकवण. तांदळाचा डबा कधी पुसून रिकामा करायचा नाही.”

“अहो, ती मूठ त्याला दिसतेय! तेवढ्यात आपण शेवटच्या क्षणी वळू शकतो. माणसं आहेत म्हटल्यावर वळतीलच, असा त्याचा हिशेब!”

वसुधाचा हात कळीवर क्षणभर अडला. मग तिने ती दाबली. इंजिन ठसकलं आणि गप्प झालं. ‘टिटवी’चा इंधनघोष शून्यावर गेला. आता वळायचं मनात आणूनही वळता येणार नव्हतं.

‘गजराज’च्या कुशीतून निळी ज्वाळा निघाली. तो हळूहळू बाजूला झाला, आणि झेलजाळ्याने ‘टिटवी’ला अलगद धरलं.

इद्रिस मोठ्याने हसला. वसुधाने पट्टा सोडला. टाकीत इंधन थेंबथेंब उतरू लागलं होतं.

तेवढ्यात पडद्यावर ठिपका दिसला. ‘काजवा’. ज्वाळा नाही, वळण नाही. सरळ जाळ्याच्या रोखाने, सावकाश. केंद्राच्या यंत्राने सूचना दिली: धडकेने ‘टिटवी’ला किरकोळ पोचे. जागा सोडण्याची गरज नाही.

“त्याचा मात्र चुराडा,” इद्रिस म्हणाला. “उशीर केला त्याने. एवढ्याशा वेगाला कोण भिणार?” मग त्याचा आवाज उतरला. “पण बाई, घोष बंद आहे. टाकी भरलेलीही असेल. आपण उठावं म्हणून हा डाव असू शकतो.”

वसुधाने आवाज सुरू केला. “हेरंब, तळाशी काही ठेवलंय?”

“होतं थोडं,” हेरंब म्हणाला. “ऊब करायला जाळलं. वाटलं, तोवर कुणीतरी ऐकेल.”

वसुधा त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. खरं की खोटं, हे सांगणारा एकही आकडा समोर नव्हता.

“टाकीत किती आलंय?”

“मूठभर. बाजूला सरकण्यापुरतं.” इद्रिसने पडद्याच्या कडेकडे बोट केलं. “आणि ‘गजराज’ वळसा घालून परत येतोय. ‘काजवा’ची टाकी भरली की जागा ‘गजराज’च बळकावणार. आपल्या मुठीला तो हिंग लावूनही विचारणार नाही. आपल्याला परत आत कोण घेणार?”

“‘काजवा’ला दोर बांधून त्याच्या टाकीतून इंधन घेता येईल. हेरंबने देऊ केलं तर.”

“आणि नाही दिलं तर?”

“आपण हाक मारू,” वसुधा म्हणाली. “त्याने ऐकायला हवं.”

ती खुर्चीत बसली. पट्टा बांधला, आणि या वेळी हात त्यावरून काढून घेतला.

“जाळं सोड.”