बर्बिसच्या चिखलातल्या बाटल्या

"बाटल्या खणायला जाताय तर जा," लेस्लीकाका पोरांना म्हणाले. "पण आधी दूधनाथचं ऐका. माझ्या शेजारचा माणूस. त्यानेच मला सांगितलं, आणि तो उगाच काही बोलणाऱ्यातला नाही."

गेल्या वर्षी ऑगस्टातली अमावास्या. बर्बिस नदीला मोठी ओहोटी होती, रात्री साडेदहाला पाणी सगळ्यात खाली जाणार होतं, म्हणून दूधनाथ आणि त्याचा दोस्त काँप्टन जेवून बोट घेऊन निघाले. डचांच्या मळ्याचा जुना धक्का एरवी पाण्याखाली असतो. अशा ओहोटीलाच तिथला चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात जिनच्या चौकोनी, हिरव्या बाटल्या सापडतात. जॉर्जटाउनमधला एक हौशी म्हातारा त्यांच्यासाठी जीव टाकायचा.

खणण्याआधी मळ्याच्या मेलेल्या डच मालकाच्या नावाने घोटभर रम जमिनीवर सोडायची, ही आपली रीत. दूधनाथने पिशवीतून रम काढली. काँप्टनने ती हिसकून तोंडाला लावली.

"मरून अडीचशे वर्षं झाली त्याला. आता कसली तहान?"

"थोडी तरी सोड रे."

"तुझ्या आजीच्या पाया पडतो हवं तर," काँप्टन हसला. रम संपली.

दूधनाथ नदीकडे तोंड करून मांडीपर्यंत चिखलात उतरला. काँप्टन त्याच्या मागे, काठावर. सळई खुपसली तर काच वाजली. पहिली बाटली निघाली, बूच शाबूत. तिच्या शेजारी दुसरी, उभी. मग तिसरी. फेकलेल्या नव्हत्या त्या. कुणीतरी ओळीने लावून ठेवल्या होत्या. खड्ड्यावरची नजर न काढता दूधनाथ हात मागे करी आणि मागून बाटली घेतली जाई. बोटांना बोटं लागत. गार. चिखलातल्या कामात हात गारच पडतात.

अकरावी देताना तो म्हणाला, "सांभाळून ठेव. फुटेल."

अकरावी हातातून गेली.

"काँप्टन?"

"काय रे?"

आवाज समोरून आला... पाण्यावरून.

"मी बोटीत आहे. मघापासून दुसरी बॅटरी शोधतोय. सापडलं का काही?"

दूधनाथचा हात अजून मागेच होता. रिकामा.

त्याच्या तळव्यावर कुणीतरी बोटाने टकटक केलं. दोनदा.

आण, पुढची आण...

बोटीत कसा चढला, त्याला आठवत नाही. काँप्टनने काठावर उजेड मारला. बाटली एकही नव्हती. माणूसही नव्हता.

बोट निघाली. जड. दोन माणसं, सामान काही नाही, आणि पाणी बोटीच्या काठाला टेकलेलं. काँप्टन इंजिनापाशी, दूधनाथ टोकाला. मधल्या फळीकडे दोघंही बघेनात.

गावचा धक्का आला. काँप्टन उतरला. दूधनाथ उतरला.

बोट तशीच दबलेली...

मग ती हळूच वर आली. वीतभर.

धक्क्याची एक फळी करकरली. मग त्यापुढची. गावाच्या दिशेने.

पोरं लेस्लीकाकांजवळ सरकून बसली.

"मग, काका?"

"मग काय. दोघं उजाडेपर्यंत माझ्या ओट्यावर बसून होते. सकाळी दूधनाथच्या बायकोने आतली कडी काढली. बाहेरच्या जिन्याच्या पायऱ्यांवर ओल्या चिखलाचे चौकोनी ठसे. बाटलीच्या बुडाएवढे. दर पायरीला एक, असे दहा."

"आणि अकरावा?"

"घरात. दूधनाथच्या उशीवर."