मागच्या डाव्या स्पीकरमधला खोकला

दिवा राहू दे तसाच, मोठा नको करूस. सांगतो, पण मध्ये खिदळायचं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस, आपला चौकातला चष्मेवाला. एकेकाळचा बोलघेवडा, हल्ली दुकानात नुसता बसून असतो.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. संध्याकाळी त्याने बायकोला तिच्या बहिणीकडे सोडलं, येताना दूध आणि ब्रेड घेतला आणि साडेनऊला गाणं ऐकायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या खोलीपायी किती खटाटोप केला होता गड्याने! आवाज शोषायला भिंतींना लोकरीचा जाड नमदा, दाराला आतून गादी, चारी बाजूंना आणि वर छतालाही स्पीकर. दूरच्या सभागृहातली मैफल लाइव्ह लागली की वादक समोर, प्रेक्षक पाठीमागे आणि आपण मधोमध. स्वारी एकदम खूश.

एकदा त्याचे वडील म्हणाले, मलाही बसू दे की रे. त्यांना जुनाट खोकला. बसले बिचारे मागच्या कोचावर, अंग चोरून. व्हायोलिन अगदी हळू झालं आणि नेमकी त्यांना ढास लागली. याने मैफल थांबवली आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही बाहेरच बसा. सगळा विचका होतो." ते मुकाट उठून गेले. पुन्हा कधी विचारलं नाही त्यांनी. ऑगस्टात वारले. तेव्हापासून ते वाक्य याला घास गिळू देत नव्हतं, पण माफी मागणार कोणाची?

तर त्या रात्री व्हायोलिन हळू झालं आणि मागून, डावीकडून, कोणीतरी खोकलं. याला वाटलं, प्रेक्षक असेल. एवढ्या लोकांत कोणीतरी खोकणारच. थोड्या वेळाने पुन्हा. तोंडात काहीतरी कोंबून दाबावा, तसा खोकला. तीच मैफल आपल्या घरी ऐकणाऱ्या एका मित्राला त्याने मेसेज करून विचारलं. उत्तर आलं, छे रे, इथे टाचणी पडली तरी ऐकू येईल.

तो उठला. अंधारातच चाचपडत मागच्या डाव्या स्पीकरची वायर उपटली. येऊन बसला.

व्हायोलिन हळू झालं...

खोकला आला.

अर्धाच. मग गिळल्यासारखा...

मागे वळायची हिंमत नव्हती. मान ताठ. किती वेळ गेला कोण जाणे.

"बाबा..." तो समोर बघतच म्हणाला. "खोका तुम्ही. मोकळेपणी खोका. माझं चुकलं."

काही नाही...

काहीच नाही...

मैफल संपेपर्यंत पुन्हा खोकला आला नाही. टाळ्या झाल्या आणि हा लहान मुलासारखा रडला. वाटलं, ऐकलं बाबांनी. सुटलो आपण. डोळे पुसत उठला, खोलीतला दिवा लावला आणि मग कुठे मागे वळला.

कोचावर कोणी नव्हतं. एक उशी होती, त्याच दिवशी धुतलेली खोळ घातलेली. तिचा एक कोपरा ओलाचिंब होता. आणि त्यावर दातांच्या खोल खुणा होत्या.