साक्षरेघ

हँगरमध्ये सकाळचं पहिलं काम म्हणजे हत्यारं मोजणं. पेटीत पान्यांसाठी जितक्या खाचा, तितके पाने दिसले पाहिजेत. एखादा कमी असेल तर त्या दिवशी विमान जागचं हलत नाही, कारण हरवलेला पाना शेवटी सापडतो तो इंजिनाच्या पोटात. ताई मोजणी संपवून वहीत सही करायची आणि मग चहा प्यायची. सोळा वर्षांत हा क्रम मोडला नव्हता.

त्या सोमवारी मात्र चहा कपातच गार झाला. दोन नंबरच्या जागेवर जे विमान ढकलत आणलं, त्याच्या उजव्या पंख्याने तिचा भाऊ मारला होता. सात महिन्यांपूर्वी, भर दुपारी, बारा वाजून वीस मिनिटांनी.

भाऊ म्हणजे दादा. तिचा सख्खा मोठा भाऊ, आणि वयाने मोठ्या माणसांसकट अख्ख्या हँगरचा दादा. म्हणूनच ती सगळ्यांची ताई. दोघंही इंजिनाची माणसं. चौकशी झाली, अहवाल आला, आणि दादाच्या सगळ्या आयुष्याचं त्यात एक वाक्य झालं: ‘मृत कर्मचाऱ्याने स्वतःच्या हलगर्जीपणामुळे निषिद्ध वर्तुळात प्रवेश केला.’ वहिनीने ते वाक्य ताईकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, “हलगर्जीपणा? अगं, हा माणूस कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचा. चौथ्यांदा मीच हात धरून न्यायचे.”

ताईला दुसरं काही नको होतं. गेलेला माणूस परत येत नाही, एवढं तिला कळत होतं. तिला फक्त ते वाक्य खोडून हवं होतं. ते कोणी खोडत नव्हतं, म्हणून सात महिने तिच्या तळपायाची आग मस्तकातच होती.

हा पंखा आणि त्याचं इंजिन जरा समजून घ्यायला हवं. मोठ्या विमानांच्या शेपटीत एक छोटं जादा इंजिन असतं. विमान जमिनीवर उभं असताना दिवे, थंड हवा, सगळं ते पुरवतं. या जातीच्या विमानाला, वजन वाचवायचं म्हणून, ते दिलेलंच नाही. त्याऐवजी उजवं इंजिन चालू ठेवायचं आणि त्याचा पंखा ब्रेकने धरून ठेवायचा. इंजिन चालू आणि पंखा बंद, हे ऐकून नवा माणूस हसतो. पण ते जमतं, कारण आत दोन वेगळी चाकं असतात. पहिलं चाक हवा आत ओढून दाबतं, त्या हवेत इंधन जळतं, तो झोत पहिल्या चाकाला फिरवतो आणि पुढे जाऊन दुसऱ्यावर आदळतो. पंखा जोडलेला असतो त्या दुसऱ्या चाकाला, मधे दातेरी चाकांची पेटी घालून. पहिल्या आणि दुसऱ्या चाकाच्या मधे ना दांडा, ना साखळी. मधे फक्त तापलेला वारा. “वारा ढकलतो, ब्रेक धरतो,” दादा नव्या माणसांना सांगायचा. “ब्रेक दमतो. वारा दमत नाही.”

ब्रेक लावण्याला हँगरमध्ये ‘पंखा झोपवणं’ म्हणतात. त्या दिवशी पंखा झोपलेला होता आणि प्रवासी चढत होते. ब्रेकचे बोल्ट सैल पडतायत, विमान दोन दिवस उभं करा, असं दादाने आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. देखभालीच्या मोठ्या साहेबांनी त्याला सकाळी सांगितलं, काल कसून घेतलेत. मग पात्यावरचा तेलाचा ओघळ दिसला, तेव्हा साहेबच वायरलेसवर म्हणाले, लोक बघतायत, तेवढं पुसून टाका. कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस त्या एका दिवशी दुसऱ्याच्या शब्दावर गेला. त्याने पात्याला फडकं लावलं आणि पंखा जागा झाला. पुढे चौकशीत साहेबांनी कानावर हात ठेवले. आपण कोणाला काही सांगितलंच नव्हतं, म्हणे.

अहवालाचा सगळा डोलारा सहा रेघांवर उभा होता. बोल्ट कसला की त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूवर उतरणारी एक बारीक लाल रेघ ओढतात. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ मधे तुटते आणि बघणाऱ्याला कळतं. तिला म्हणतात साक्षरेघ. ब्रेक सहा बोल्टांवर बसतो, आणि अहवालातल्या फोटोत सहाही साक्षरेघा अखंड होत्या. म्हणजे बोल्ट पक्के होते, म्हणजे ब्रेक सुटणं शक्य नाही, म्हणजे तो लावलेलाच नसणार आणि दादा न बघता आत शिरला असणार. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं असतं. तो उलटून बोलत नाही.

तर आता तेच विमान, तोच ब्रेक, तपासून सही द्यायला ताईकडे आलं होतं. साहेबांना तेवढीही लाज वाटली नव्हती.

तिने शिडी लावली, इंजिनाचं झाकण उघडलं. काम चोख केलं, कारण राग माणसांवर होता, बोल्टांवर नव्हता. सहाही बोल्ट काढून पाहिले, ठरलेल्या जोराने पुन्हा कसले, जुना रंग पुसून नव्या रेघा ओढल्या. साडेबाराला डबा खायला निघताना सहज वर पाहिलं. सहाही रेघा तुटल्या होत्या. प्रत्येक रेघेचा बोल्टावरचा तुकडा नखाएवढा डावीकडे गेला होता.

आपलंच चुकलं, असं ती स्वतःला म्हणाली आणि स्वतःवर चिडली. पुन्हा पाना लावला. हा पाना ठरलेला जोर आला की ‘टक्’ वाजतो. सहाही बोल्ट लावताक्षणी टक् वाजले. एकही फिरला नव्हता.

मंगळवारी तिने रंगाची नवी ट्यूब फोडली आणि शिडीशेजारी स्टूल टाकून बसली. सव्वाबाराला स्टोअरमधून हाक आली, ती पाच मिनिटं गेली, परत आली तेव्हा रेघा तुटलेल्या. हँगर बंद, वारा नाही, इंजिन तीन दिवसांचं गार. कोणी चेष्टा करतंय का हे तिने आजूबाजूच्या चौघांच्या तोंडाकडे बघून ताडलं. चेष्टा करायची हिंमत कोणाच्या तोंडावर दिसली नाही.

बुधवारी तिने वहिनीकडून नेलपॉलिशची बाटली आणली. रंगात खोट असेल तर ती या रंगात नसेल. शिवाय प्रत्येक रेघेशेजारी, बोल्टावरून खालच्या धातूवर, सुईने एक सरळ ओरखडा काढला. रंग फसवेल, ओरखडा कसा फसवणार? बारा वाजून पंचवीसला पाहिलं. ओरखडे सहाही सरळ, जुळलेले. त्यांच्या शेजारच्या लाल रेघा नखाएवढ्या सरकलेल्या.

बोल्ट जागेवर होते. साक्ष फिरली होती.

ताईला स्वतःचाच संताप आला. सोळा वर्षं मोजमाप घेणारी बाई, तिला हे मोजता येत नव्हतं. मग तिच्या मनात आलं, अहवालातल्या फोटोंवर ‘पाहिलं, बरोबर आहे’ अशी सही कोणाची होती? मास्तरांची. मास्तर म्हणजे हँगरमधले सगळ्यात जुने तपासनीस. तिला आणि दादाला पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

गुरुवारी पावणेबाराला तिने त्यांना बोलावलं.

“मास्तर, जरा शिडीवर या.”

“गुडघे दुखतात गं माझे.”

“गुडघे आहेत ना? मग दुखू द्या. या वर.”

ते आले. तिने तीन दिवसांचं सगळं सांगितलं, एकही शब्द न चढवता. मास्तर हसल्यासारखं करत म्हणाले, “बोल्ट सैल असतील.”

“हा पाना. तुम्हीच बघा.”

टक्, टक्, टक्. सहा वेळा. मास्तरांनी रुमालाने मान पुसली. “मग रंग खराब असेल.”

“वहिनीचं नेलपॉलिश आहे. दादानेच आणून दिलेलं. अजून काही खराब असेल का, मास्तर?”

मास्तर वाकून रेघा बघू लागले. रेघा अजून अखंड होत्या, कारण तिने त्या सकाळीच ओढल्या होत्या. दोघं शिडीच्या फळीवर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. गरम ग्रीसचा वास येत होता, आणि गार इंजिनाला तो वास येत नसतो.

“किती वाजले?” मास्तरांनी विचारलं.

“बारा एकोणीस.”

खाली कोणीतरी सँडपेपर घासत होतं. तो आवाज थांबला.

पहिली रेघ सरकली. आवाज नाही, धक्का नाही. बोल्टावरचा तुकडा डावीकडे गेला, गोगलगाय जाते तसा. ओरखडा जागच्या जागी.

मग दुसरी.

तिसरी, चौथी.

पाचवी सरकायच्या आतच मास्तरांनी सहावीवर अंगठा दाबला. नख पांढरं पडेपर्यंत दाबला. पाचवी सरकली. मग सहावी त्यांच्या अंगठ्याखालून निघून गेली.

“कळतंय मला,” मास्तर म्हणाले. “कळतंय रे.”

ते ताईशी बोलत नव्हते.

खाली उतरल्यावर त्यांनी सांगितलं. त्या दुपारी सहाही बोल्ट हाताने फिरत होते. आदल्या दिवशी कोणी कसलेच नव्हते. चौकशीवाले यायला तासभर होता. साहेब म्हणाले, बोल्ट कसून टाका आणि रेघा ओढा. “मी ओढल्या,” मास्तर म्हणाले. “सहाही सरळ आल्या.”

“सात महिने माझ्याबरोबर चहा प्यायलात.”

“हो.”

“वहिनीला भेटायला आलात. तिच्या घरी बसून रडलात.”

“हो गं.”

ताईला त्या क्षणी हातातला पाना त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. तिने तो पेटीत, त्याच्या खाचेत ठेवला. “लिहून द्या,” ती म्हणाली. त्यांनी लिहून दिलं, खाली सही केली आणि रजा न टाकता घरी निघून गेले.

साहेब भेटले ते शुक्रवारी, बाराच्या सुमाराला. त्यांची खोली काचेची, थंडगार. पांढरा शर्ट, कॉलर ताठ, कधी एक डाग नाही. डाग पडेल इतके ते इंजिनाजवळ जायचेच नाहीत. मास्तरांचा कागद त्यांनी दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

“मास्तरांचं वय झालं,” ते म्हणाले. “आज दुपारी तीनला बाहेरची माणसं येतायत. उजवं इंजिन चालू करू, पंखा झोपवू, आणि मी स्वतः पात्याला हात लावून उभा राहतो. सगळ्यांसमोर. म्हणजे हा विषय कायमचा मिटेल. तुमची तेवढी सही हवी.”

“ते वाक्य खोडणार का?”

“ताई, आता मेलेल्याला काय फरक पडतो?”

त्यांनी तपासणीचा कागद तिच्याकडे सरकवला. फोन वाजला तो उचलला, खुर्चीत ताठ बसले आणि समोरच्या काचेकडे बघत पलीकडच्या माणसाचं ऐकू लागले. ताईने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तेव्हा तिला ते दिसलं.

साहेबांच्या डाव्या कानाखाली, मानेच्या कातडीवरून पांढऱ्या कॉलरवर उतरणारी एक बारीक लाल रेघ. सरळ, अखंड. रंग अजून ओला होता.

“काय बघताय?” फोनवर तळहात धरून त्यांनी विचारलं. मान वळवली नाही, फक्त डोळे फिरवले.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ताईने कागदाकडे पाहिलं. ब्रेकचे सहा बोल्ट ठरलेल्या जोराने कसलेले आहेत का? आहेत. तिने स्वतः कसले होते, दुसऱ्या माणसाने पाना लावून पाहिले होते. कागदावर जे विचारलं होतं, त्यात खोटं काहीच नव्हतं.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि सही केली.

साहेब पुन्हा फोनवर ऐकू लागले. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली. त्यांची मान जराही हलली नाही. रेघेचा वरचा तुकडा नखाएवढा डावीकडे सरकला.