थ्रॉसलचे हरवलेले आठ टक्के

आम्हाला एक दगड आणायचा होता. नारळाएवढा, करडा, पांढऱ्या शिरांचा. तोही सोमवारच्या आत, कारण सोमवारी एका मेलेल्या माणसाची बेअब्रू छपाईला जाणार होती!

हा माणूस म्हणजे एडविन थ्रॉसल. एकोणिसाव्या शतकात तो ग्लासगोहून बोटीने न्यूझीलंडला आला आणि एका सरकारी लॅबमध्ये तीस वर्षं दगड कुटत, आम्लात विरघळवत, गाळत, तोलत बसला. दगडात सिलिका किती, लोखंड किती, चुना किती, सगळं मांडून खाली बेरीज करायची. ती शंभराच्या आसपास यायला हवी. चार हजार दगडांची आली. एकाची आली ब्याण्णव. साहेब म्हणाला, शंभर कर. थ्रॉसल म्हणाला, नाही करणार. त्याला घरी बसवलं.

आता एका हौशी इतिहास मंडळाने त्याच्यावर पुस्तिका काढली होती. माझी बायको मेधा पामर्स्टन नॉर्थला खडकांच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून कच्ची प्रत तपासायला तिच्याकडे आली. ती नेमकी माझ्या सासऱ्यांच्या हाती लागली. नीलकंठराव नागपूरला चौतीस वर्षं दगड तोलून रिटायर झालेले, सध्या सहा महिने आमच्याकडे.

"म्हातारपणी हात थरथरल्याने चूक?" त्यांनी पुस्तिका भिंतीवरच्या हीटरवर भिरकावली. "अरे, बेरीज कमी आली म्हणजे दगडात असं काहीतरी आहे, जे त्याला मोजता येत नव्हतं! प्रामाणिक माणूस होता तो, गाढवांनो!"

गाढव म्हणजे मी. खोलीत दुसरं कोणीच नव्हतं.

थ्रॉसलच्या वहीत जागा लिहिलेली होती: दुसऱ्या ओढ्याचा धबधबा, डावा कडा. मेधाने एका दगडाची रीतसर परवानगी काढली आणि शनिवारी सासू-सासऱ्यांसह आम्ही चौघं डोंगरात शिरलो.

सासरे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, घालून आले. "आम्ही चिखलदरा चपलेवर पालथा घातलाय, जावईबापू!" पहिल्याच दलदलीने डावी जँडल गिळली. मी खांद्यापर्यंत हात घालून शोधली. मिळाला एक जुना बूट, तोही उजवा! शेवटी सासूबाईंनी चकल्यांची पिशवी रिकामी करून त्यांच्या पायाला बांधली. शुभाताई, म्हणजे सासूबाई, तीन दिवसांचं अख्खं स्वयंपाकघर माझ्या पाठीवर लादून आल्या होत्या. वर एक वेल माझ्या सॅकमध्ये अडकली आणि मी फुटभर हवेत लोंबकळलो.

"यश, खेळू नकोस," मेधा म्हणाली.

धबधब्याशी सासऱ्यांच्या कमरेला दोर बांधला. ते कड्यावर चढले. हातोडा पडला. ठण्! ठण्! पाय घसरला! दोर ताणला, मी पोटावर आपटलो, नाकातोंडात शेवाळ! वरून आवाज आला, "मिळाला! खाली सांभाळा रे, मूर्खांनो!" दगड माझ्या कानाजवळून गेला.

दुपारी रानातल्या झोपडीत पोहोचलो आणि पाऊस कोसळायला लागला. सासरे बाहेर पाय धूत होते. परत आले आणि दारातच थिजले. सासूबाईंनी स्पिरिटच्या स्टोव्हवर चहा ठेवला होता, आणि शेजारी त्यांच्या दगडावर, त्यांच्याच हातोड्याने, आलं ठेचत होत्या. लिंबू पिळून, मीठ घालून.

"शुभा! अगं, सॅम्पल आहे ते!"

"मग दुसरं काय आणलंत ठेचायला? घ्या, पोटाला बरं असतं."

"चौतीस वर्षांत माझ्या सॅम्पलला कोणी बोट लावलं नाही!"

"अहो बाबा, डोंगरभर दगड आहेत!" मीही भडकलो.

"तू गप्प बस!" त्यांनी फळीवर मूठ आपटली. चमचा उडाला आणि ठेचा थेट स्टोव्हच्या स्पिरिटमध्ये पडला. ज्वाळा भपकन वर आली. मधे मिठाची पिवळी, आणि कडेला... हिरवी! कैरीसारखी हिरवी!

सासरे स्टोव्हवर वाकले.

"हिरवी ज्योत म्हणजे बोरॉन," ते पुटपुटले. "थ्रॉसलचे आठ टक्के!"

लगेच त्यांनी दगड सॅकमध्ये कोंबला आणि ती पाठीवर टाकली. परतीच्या वाटेवर नदी होती, गढूळ, चढलेली. मेधा ओरडली, "बाबा, पाणी चढलं की इथे थांबतात!"

"सोमवारी छापणार आहेत ते!" म्हणत ते घुसलेसुद्धा. गुडघे. कंबर. आणि पाय सुटले! मी उडी मारली. हाताला सॅक लागली. पाणी दोघांनाही ओढायला लागलं.

"सॅक सोडा!"

"नाही!"

"बाबा, थ्रॉसल मेलाय! तुम्ही अजून जिवंत आहात!"

त्यांनी बक्कल काढलं. मी त्यांची कॉलर धरली. सॅक दोनदा वर आली आणि दगडासकट गेली.

काठावर ते कुडकुडत बसले. मी पोटभर बोलून घेणार होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "नागपूरला मी केली होती रे बेरीज. साहेब म्हणाला शंभर कर, मी केली. तीन टक्के सिलिकात ढकलले. मला बढती मिळाली."

मी त्यांच्या शर्टाची ओली बाही पिळायला घेतली.

सासूबाई येऊन शेजारी बसल्या आणि त्यांनी स्टीलची डबी पुढे केली. "मघाचंच आलं आहे, खा. आणि रडताय कशाला? यात आहे की तुमचा दगड. मगाचपासून दाताखाली कचकच येतेय माझ्या."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर डबी घरी आली. सोमवारी सकाळीच मेधाने आलं जाळलं, मीठ वजा केलं आणि उरलेली चिमूटभर पूड मशीनमध्ये घातली. बोरॉन निघालं, भरपूर! दुपारपर्यंत मंडळाने थरथरत्या हातांचं वाक्य काढलं आणि चार ओळींचा खुलासा मागितला.

सासऱ्यांनी तो स्वतः लिहिला. "नमुना दूषित. कारणे: आलं, लिंबू, मीठ, पत्नी."

मेधाने खालची बेरीज बघितली: थ्रॉसलचे ब्याण्णव, अधिक बोरॉनचे पाच. "बाबा, सत्त्याण्णवच होतायत. उरलेले तीन?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं, "माहीत नाही." आणि खाली सही केली.