अंधारातला शिधा

खंडूच्या डाव्या भुवईतली खाप गेली कुठे?

लहानपणी कोंबड्यानं चोच मारली होती त्याला तिथं. गव्हाच्या दाण्याएवढी जागा कायमची बोडकी राहिली. पुढं तो पृथ्वी सोडून चंद्रावर कामाला आला, लग्न झालं, लेक बारा वर्षांची झाली, तरी त्या जागी एक केस म्हणून उगवला नाही. आणि आज सकाळी खालून आलेल्या फोटोत बघावं तर दोन्ही भुवया सलग, काजळानं ओढल्यासारख्या!

"हा माझा खंडू नव्हे," आक्का म्हणाली आणि तिनं उलथनं तव्यावर आपटलं. भाकरी उडाली. चंद्रावर वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढंच भरतं, त्यामुळं तिथली उडालेली भाकरी घाईनं खाली येत नाही. मंजुळानं ती वरच्यावर झेलली. आक्काचं तिकडं लक्षही नव्हतं.

शुक्लपक्ष वसाहतीतली एकुलती एक खानावळ आक्काची. मंजुळा तिची नात आणि खंडू तिचा लेक. मंजुळाची आई शिकायला पृथ्वीवर गेलेली आणि बाप चार महिन्यांपासून काळडोहात उतरलेला. काळडोह म्हणजे चंद्राच्या दक्षिण टोकाजवळचा खोल खड्डा. तिथं सूर्य कधी डोक्यावर येतच नाही, क्षितिजाच्या कडेकडेनं फिरतो. त्यामुळं खड्ड्याच्या तळाला कोट्यवधी वर्षांत ऊन लागलेलं नाही. म्हणून तर तिथं बर्फ टिकलाय, आणि तो फोडायला माणसं लागतात. ऊन नाही म्हणजे वीजही नाही. वरून तारेनं जेवढी जाते तेवढी यंत्रांना आणि शेगड्यांना लागते. माणसांच्या वाट्याला काय, तर एक मिणमिणता दिवा. हा हिशेब ज्यानं केला तो खाली कधी राहिला नसणार.

"आक्का, बाबाच आहेत की. हसतायत बघ."

"हसतायत! अगं, फोनवर एका वाक्यात दोनदा दम खातो तो. आणि हे गाल बघ. माझ्या हातचं खात होता तेव्हासुद्धा एवढे गाल नव्हते त्याला."

मंजुळा फोटोकडं बघत राहिली. वसाहतीत वर काय नि खाली काय, एकाच जातीचे कॅमेरे. तिच्या वाढदिवसाला इथं खानावळीत तसल्याच कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत तिच्या नाकावरचं पीठसुद्धा जसंच्या तसं आलं होतं. मग तोच कॅमेरा उजेडात खरं आणि अंधारात खोटं का बोलतो?

आक्का तशीच, पिठाच्या हातांनी, कचेरीत गेली. व्यवस्थापक कारखानीस साहेब कॉफी पीत होते.

"माझ्या लेकाला वर आणा. तो आजारी आहे."

"आक्का, फोटो बघा ना. किती धडधाकट दिसतायत. डॉक्टरांनीही हाच फोटो बघून 'ठीक' असा शेरा दिलाय. शिवाय खंडेराव स्वतःच बरं आहे म्हणतात."

"तो मरतानाही बरंच आहे म्हणेल. माझ्या पोटचा आहे तो! आणि डॉक्टर फोटोला तपासतो की माणसाला?"

"पुरावा असल्याशिवाय मला गाडी खाली पाठवता येत नाही," साहेब म्हणाले आणि पुन्हा कॉफीकडं वळले.

रागानं आक्काचे कान लाल झाले होते. पण ती नुसती चिडून घरी बसणारी बाई नव्हे. दुसऱ्या दिवशी मंजुळाच्या वर्गाची सहल काळडोहाला जाणार होती. प्रत्येकाला सोबत एकच वस्तू न्यायची मुभा होती, तीही मुठीत मावेल एवढी.

"चल," तिनं मंजुळाचा दंड धरला. "खरं बोलणारा कॅमेरा घेऊ."

खानावळीसमोरच्या दुकानात चकोर नावाचा रोबो होता. दार उघडताच त्याचे डोळे हिरवे झाले.

"नमस्कार मावशी! खास प्रवासासाठी आजची—"

"मावशी कुणाला म्हणतोस, टिनपाटा? मला अंधारात माणसाचं खरं तोंड दाखवणारा कॅमेरा पाहिजे. पोरीच्या मुठीत मावणारा."

चकोरनं एक चकचकीत कॅमेरा पुढं केला. "हा लांब सोंडेचा. डोंगरापलीकडची शेळी नाकासमोर आणतो. आणि याच्यात वीस कोटी पिक्सेल आहेत (चित्र ज्यांचं बनतं ते बारीक ठिपके)!"

"मी शेळी विचारली का तुला? अंधारात कसा आहे?"

चकोरचे डोळे पिवळे झाले. वसाहतीतल्या दुकानी रोबोंना सरळ प्रश्नाला खोटं उत्तर देता येत नसे. पण गिऱ्हाइकं सरळ विचारायचीच नाहीत, म्हणून त्यांचं चालून जायचं.

"अंधारात वाईट," तो म्हणाला. "त्यापेक्षा हा दुसरा घ्या, शहाणा कॅमेरा. उजेड कमी पडला की उरलेलं चित्र हा स्वतःच पुरं करतो. काळडोहात हेच बसवलेत."

"स्वतःच पुरं करतो म्हणजे काय?" मंजुळानं विचारलं.

"याच्या आठवणीत लाखो चेहरे भरलेले आहेत. जिथं दिसत नाही तिथं बहुतेकांचं जसं असतं तसं काढून टाकतो. बहुतेकांच्या भुवया सलग असतात."

"आणि गाल?"

"बहुतेकांचे भरलेले असतात. शिवाय लोकांना हसरे फोटो आवडतात, म्हणून थोडं हसूही घालतो."

आक्कानं तो शहाणा कॅमेरा अलगद बाजूला सारला. ती ओरडते तेव्हा मंजुळाला भीती वाटत नसे, पण आता वाटली.

"म्हणजे माझ्या लेकाच्या तोंडावर परक्या माणसांचे गाल चिकटवलेत," ती हळूच म्हणाली. "आणि ते बघून डॉक्टर ठीक म्हणतो."

चकोरनं खालच्या फळीवरून तिसरा कॅमेरा काढला. काळा, जाडसर, दिसायला बेढब. "याला सोंड नाही. पिक्सेल पहिल्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे. पण याचा सेन्सर मोठा आहे (कॅमेऱ्याच्या पोटातली उजेड झेलणारी चकती)."

"ठिपके कमी आणि म्हणे चांगला! मला उल्लू बनवतोस?"

"उल्लू नाही, समजावतो. पण मला तुमची भांडी लागतील. आणि फवारा."

फवारा खानावळीमागच्या भाजीच्या मळ्यात होता, म्हणून तिघं तिकडं गेली. आक्का कुरकुरत भांडी घेऊन आली. चकोरनं एका लहान ताटलीत बाहुलीच्या खेळातल्या असाव्यात अशा चिमुकल्या वाट्या खच्चून मांडल्या. शेजारी मोठी परात ठेवून तिच्यात आमटीच्या वाट्या मांडल्या, त्या अर्थातच थोड्या बसल्या.

"ताटली आणि परात म्हणजे दोन सेन्सर. वाट्या म्हणजे पिक्सेल. फवाऱ्याचं पाणी म्हणजे उजेड."

त्यानं फवारा पूर्ण सोडला. बघता बघता सगळ्या वाट्या काठोकाठ भरल्या.

"भर उजेडात असं होतं. तेव्हा कुठलाही कॅमेरा चालतो. आता बघा." वाट्या उपड्या करून त्यानं पुन्हा मांडल्या आणि चावी जवळजवळ बंद केली. तुरळक थेंब पडू लागले. थोड्या वेळानं मंजुळा वाकून बघू लागली. चिमुकल्या वाट्यांपैकी एकीत तीन थेंब, तिच्या शेजारची कोरडी, पुढचीत एक, मग परत दोन कोरड्या.

"पाणी तर सगळीकडं सारखंच पडलं," ती म्हणाली. "मग असं का?"

"थेंब मोजकेच असले की कुठला कुठं पडेल याचा नेम नसतो. आता समज, या वाट्या तुझ्या बाबांच्या गालाचं चित्र काढतायत. गाल सगळीकडं सारखाच, पण एक ठिपका उजळ, शेजारचा काळा. फोटोत त्याचे दाणे दिसतात, चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे. आता परातीत बघ."

आमटीच्या वाट्यांत प्रत्येकी पन्नासेक थेंब साठले होते. एखादीत चार कमी, एखादीत चार जास्त. पण बघणाऱ्याला सगळ्या सारख्याच वाटत होत्या.

"वाटी मोठी असली की दोन-चार थेंबांच्या फरकानं बिघडत नाही!" मंजुळा म्हणाली.

"हेच सरळ सांगायचं सोडून वीस कोटी, वीस कोटी करत होता," आक्का म्हणाली. "आणखी काय लपवलंस?"

"अपर्चर (भिंगातली उजेड आत सोडणारी खिडकी). याची खिडकी मोठी आहे. लांब सोंडेच्या कॅमेऱ्यात सोंड बाहेर काढली की खिडकी बारीक होते. कॅमेऱ्यावर आकडा लिहिलेला असतो. आकडा जेवढा लहान, खिडकी तेवढी मोठी."

"लहान आकडा, मोठी खिडकी? हे ठरवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं का?"

"ते मला विचारू नका. आणि तिसरी गोष्ट, वेळ. पाणी हळू पडत असेल तर भांडं जास्त वेळ ठेवायचं. तसंच शटर (खिडकीची झडप) जास्त वेळ उघडं ठेवायचं. माणसाच्या डोळ्याला असा उजेड साठवता येत नाही, कॅमेऱ्याला येतो. पण तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये, नाहीतर एका वाटीचे थेंब दुसरीत पडतात आणि चित्र फरफटतं. हाताची थरथर हा थोडी सांभाळून घेतो. समोरचा माणूस हलला तर मात्र याचा इलाज नाही."

शेवटी त्यानं कॅमेऱ्यावरची एक कळ दाखवली. "ही 'कच्चं' वर ठेव. म्हणजे सेन्सरवर जेवढा उजेड पडला तेवढाच लिहून ठेवेल. वरून साजशृंगार नाही."

आक्कानं मान डोलावली. आता सगळं तिच्याच धंद्यातलं होतं. "म्हणजे कच्चा शिधा. जेवढा आला तेवढाच. तो दुसरा शहाणा म्हणजे शिधा कमी पडला की रंग घालून आमटी वाढणारा स्वयंपाकी. असला स्वयंपाकी माझ्या खानावळीत तासभर टिकला नसता."

काळडोहात भेट काचेच्या भिंतीआडून होती. दुसऱ्या दिवशी मंजुळा तिथं उभी राहिली तेव्हा पलीकडं तिला फक्त अंधारातला थोडा जास्त काळा आकार दिसला. मग भिंतीतल्या जाळीतून आवाज आला.

"मंजे! केवढी उंच झालीस गं!" मध्येच श्वास. "आक्काला सांग, मी मजेत आहे."

मंजुळानं कॅमेरा काढला. फ्लॅशला हात लावायचा नाही हे तिनं आधीच ठरवलं होतं. तो झगझगाट काचेवर आपटून उलटा भिंगातच आला असता. तिनं कॅमेऱ्याचं तोंड काचेला घट्ट टेकवलं, म्हणजे हात हलणार नाही आणि काचेतलं प्रतिबिंबही येणार नाही.

"बाबा, हलू नका. सांगेपर्यंत."

"हसू का?"

"हसा हवं तर."

शटर उघडलं. ती श्वास रोखून थांबली. चार सेकंद एवढे लांब असतात हे तिला माहीत नव्हतं. टक् करून झडप बंद झाली आणि मागच्या पडद्यावर चित्र आलं.

दाणे होते, पण थोडे. त्यांच्यातून गालांची हाडं वर आलेली स्पष्ट दिसत होती. डोळ्यांखाली खड्डे. आणि तोंडाच्या जागी नुसता धुरकट पट्टा. हसू आलं होतं, पण उजेड साठेपर्यंत टिकलं नव्हतं.

"तुम्ही खोटं बोलता!" ती काचेवर मूठ आपटून ओरडली. "त्या शहाण्या कॅमेऱ्यासारखेच!"

पलीकडचा आकार काचेजवळ सरकला.

"किती दिसतंय त्यात?" खंडूनं विचारलं.

"सगळं."

"छातीत धूळ बसलीय गं," तो म्हणाला. "आक्काला नको सांगू."

"सांगणार," मंजुळा म्हणाली. "आणि फोटोही दाखवणार."

कारखानीस साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "हा किती अस्पष्ट आहे! आमचा फोटो केवढा स्वच्छ येतो."

"स्वच्छ येणारच," आक्का म्हणाली. "माझ्या लेकाला त्यातून पुसून काढलंत ना."

"पण काल तुम्हीच भुवईतल्या खापेवरून आख्खी खानावळ डोक्यावर घेतली होती. ती यात तरी कुठं दिसतेय?"

मंजुळा पुढं झाली.

"नाही दिसत. तेवढ्या बारीक गोष्टीसाठी उजेडच पुरला नाही. या कॅमेऱ्याला जे दिसलं नाही ते त्यानं काढलं नाही, साहेब. म्हणून जे दिसतंय ते खरं. तुमचा कॅमेरा दिसलं नाही तेही काढतो, मग त्यातलं खरं कुठलं हे ओळखायचं कसं?"

साहेबांनी फोटो टेबलावर ठेवला. पुन्हा उचलला. मग डॉक्टरांना बोलावणं गेलं, आणि डॉक्टरांनी तो फोटो पाहिल्यावर शेरा लिहायला वेळ घालवला नाही. त्याच दिवशी गाडी खाली गेली आणि खंडूला घेऊन वर आली. त्याच्या छातीत खडकाची बारीक धूळ साठली होती. आणखी महिनाभर तो खाली राहिला असता तर कठीण होतं. आता बरा होणार होता, फक्त वेळ लागणार होता.

आक्का दवाखान्यात गेली, लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं, त्याला पोटभर शिव्या दिल्या आणि पेज पाजून परत आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळीत कुणी जेवत नव्हतं. बातमी सगळीकडं पोचली होती. जो तो आपापल्या माणसाचा खालून आलेला फोटो काढून बसला होता आणि निरखत होता. सगळ्या फोटोतले गाल भरलेले. सगळे हसरे.

आक्का हातात पळी घेऊन मधोमध उभी राहिली.

"फोटो ठेवा ते! त्यात काही सापडायचं नाही. पुढच्या आठवड्यात मंजी परत खाली जाणार आहे, हा काळा कॅमेरा घेऊन. कुणाकुणाची माणसं खाली आहेत, हात वर करा."

हात वर झाले. मंजुळा पाटीवर नावं लिहू लागली. अगदी मागच्या बाकावर एक हात अर्धवट वर होता. कारखानीस साहेबांचा.

"तुमचं कोण?" आक्कानं विचारलं.

"धाकटा भाऊ," ते खाली मान घालून म्हणाले. "त्याचेही फोटो छान येतात."

आक्कानं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. मग त्यांच्या ताटात पळीभर आमटी वाढली.

"नाव सांगा त्याचं," ती खेकसली. "आणि जरा मोठ्यानं. पोरगी लिहून घेतेय."