राखणदाराचा भोंगा आणि शर्वाणीचं पोट

जानेवारीत आचारी दाजीकाका तोरसकरांनी एका बैठकीत चाळीस बांगडे तळले, तेव्हा राखणदार गप्प होता. जूनमध्ये त्यांनी पापडाच्या डब्याचं नुसतं झाकण उघडलं, तर राखणदाराने असा भोंगा केला की सत्तावन्न माणसं हातातलं काम टाकून पळत सुटली. यंत्र तेच, स्वयंपाकघर तेच, दाजीकाकाही तेच. मग सहा महिन्यांत झालं तरी काय?

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी वसवलेल्या संशोधन केंद्रात हे कोडं कुणालाच सुटत नव्हतं. पाण्याखाली धूर झाला तर खिडकी उघडायची सोय नसते. म्हणून तिथे स्वयंशिक्षित (अनुभवावरून आपलं आपण शिकणारं) इशारायंत्र बसवलं होतं. कोकणात प्रत्येक गावाला राखणदार (गावाचं रक्षण करणारा देव) असतो, तर आपल्यालाही हवा, म्हणून लोकांनी यंत्राला तेच नाव दिलं.

आता या राखणदारापायी उदबत्ती बंद झाली, पाव भाजणं बंद झालं, आणि शेवटी फोडणीवर बंदी आली.

"आमटीक फोडणी नाय, मग ती आमटी कसली? हळदीचा पाणी ता!" असं म्हणत दाजीकाका तेच पाणी सगळ्यांना वाढत होते. मुख्य अभियंता शिंत्रे तर इतके वैतागले होते की पक्कड खिशात घेऊनच फिरत. "एक दिवस वायरच कापतो याची," ते म्हणत.

अकरा वर्षांच्या शर्वाणीला मात्र आमटीचं सुखदुःख नव्हतं. तिचं पोट दुखत होतं. तिच्या खिडकीबाहेर एक अष्टपाद (आठ हातांचा, हाड नसलेला समुद्री प्राणी) राहायचा. तो नारळाची करवंटी पोटाशी धरून तुरुतुरु चालायचा आणि धोका दिसला की तीच पांघरून बसायचा. शर्वाणीने सहा महिने त्याची टिपणं ठेवली होती. येत्या शनिवारच्या सभेत ती टिपणं सगळ्यांना वाचून दाखवायची होती. पण सभा ठरल्यापासून वर्गात उभं राहायची वेळ आली की पोटात कळ यायची. आधी ती वर्गातून लवकर उठून यायला लागली. मग जाणंच सोडलं.

"तुला नाही जमलं तर वेदांत वाचून दाखवेल हं," वर्गशिक्षिका दुर्वाबाई प्रेमाने म्हणाल्या. वर्गातला वेदांत! ज्याला अष्टपादाचे हात किती, हे विचारलं तर बोटं मोजावी लागायची! शर्वाणीला रडूच आलं.

मंगळवारच्या पाणबुडीने डॉक्टर गोदावरी वाघचौरे आल्या. त्या मनोविकारतज्ज्ञ (मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर) होत्या आणि सगळे त्यांना डॉक्टरआजी म्हणत. त्यांनी शर्वाणीचं पोट दाबून पाहिलं, आधीच्या तपासण्यांचे कागद वाचले.

"पोट ठणठणीत आहे."

"म्हणजे मी नाटक करते, असंच ना?"

"मुळीच नाही. दुखतंय ते खरंच दुखतंय. फक्त हुकूम वरून येतोय." त्यांनी तिच्या डोक्यावर टिचकी मारली. "रविवारी दुखतं का गं?"

"नाही."

"अरे वा, वार कळतात की तुझ्या पोटाला! झोप? भूक? खेळावंसं वाटतं?" त्या एकेक विचारत गेल्या आणि लिहून घेत गेल्या. याला निदान (आजार नेमका कोणता, ते ओळखणं) म्हणतात, आणि ते घाईत करायचं नसतं, असंही त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. अमिग्डला त्याचं नाव. वाघ दिसला की तो इशारा देतो. छाती धडधडते, रक्त पायांकडे धावतं, कारण पळायचं असतं. पचनाचं काम थांबतं. वाघासमोर जेवण पचवत कोण बसतंय? म्हणून पोटात गोळा येतो."

"पण वर्गात वाघ नाही ना!"

"नाही. धोका नसताना हा इशारा पुन्हा पुन्हा वाजून रोजच्या जगण्यात आडवा यायला लागला, की त्याला चिंताविकार म्हणतात. तो का वाजतो, ते..."

बोलता बोलता त्यांनी चहाच्या थर्मासचं झाकण फिरवलं. जरा वाफ निघाली आणि राखणदार कोकलला.

सगळे सुरक्षा-खोलीकडे धावले. डॉक्टरआजींनी भिंतीवरच्या धूरमापकाकडे बोट दाखवलं. काटा शून्यावर होता. "आपण पळायचं नाही. तू निरीक्षणात पटाईत आहेस ना? ते काय करतात ते बघ."

शर्वाणी सुरक्षा-खोलीच्या काचेतून बघू लागली. भोंगा थांबला. दाजीकाकांनी हात जोडून नेहमीप्रमाणे गाऱ्हाणं (सगळ्यांच्या वतीने देवाला विनवणी) घातलं, "बा राखणदारा, आज तू आमका वाचयलंस, तसोच पोराबाळांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पंचावन्न माणसं एका सुरात म्हणाली.

शर्वाणीने धावत जाऊन राखणदाराच्या पडद्यावरची नोंद उघडली. तिथे लिहिलं होतं: 'इशारा दिला. सर्व पळाले. सर्व वाचले. आभार मानले. निष्कर्ष: धोका खराच होता. पुढच्या वेळी आणखी लवकर वाजावे.' त्याखाली अशाच दोनशे नोंदी होत्या.

"डॉक्टरआजी! त्याला कुणी कळूच दिलं नाही, की पळालो नसतो तरी वाचलोच असतो! आपणच पळून पळून त्याला..." ती एकदम थांबली. कान लाल झाले. "वर्गातून उठून आले की माझं पोट लगेच थांबतं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"आणखी लवकर दुखतं," शर्वाणी पुटपुटली.

तेवढ्यात शिंत्रे पक्कड परजत आले. "बास झालं! कापतोच!"

"कापू नका काका!" शर्वाणी आडवी आली. "उद्या खरीच आग लागली तर? तो वाईट नाहीये, त्याला चुकीचं शिकवलंय. हळूहळू नीट शिकवायचं."

"शाबास. याच उपचारातून मी तुलाही पायरीपायरीने नेणार आहे," डॉक्टरआजी म्हणाल्या. "भीती वाटते तिथे थोडं थोडं जायचं, आणि ती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. कुणाला सोबत औषधंही लागतात. चष्मा लागतो तशीच ती, लाजायचं कारण नाही."

शिंत्र्यांनी पक्कड खिशात घातली, पण ते गेले नाहीत. "डॉक्टर, भोंगा वाजतच नसेल आणि... आतले दिवेच मंद झाले असतील तर? दोन महिने झोप नाही. काही करावंसंच वाटत नाही. चिडचिड तेवढी होते."

"ते वेगळं असतं. नैराश्य असू शकेल. त्यावरही उपचार आहेत, आणि आलात हे फार बरं केलंत," डॉक्टरआजी म्हणाल्या. "बसा. शर्वाणी, दार ओढून घे बाळ."

डॉक्टरआजींनी सभा एक आठवडा पुढे ढकलून घेतली, रद्द मात्र होऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी दाजीकाकांनी चिमूटभर जिरं तेलात टाकलं. भोंगा झाला. एक माणूस धूरमापकापाशी उभा राहिला, बाकीचे मुठी आवळून जागेवर बसले. गाऱ्हाण्याला बंदी होती, दाजीकाकांनी तोंडावर पंचा दाबून धरला होता. दोन दिवसांनी मोहरी तडतडली, मग सुक्या मिरच्या. सगळे ठसकले, डोळे पुसले, आणि राखणदाराने नोंद केली: 'कुणीही पळाले नाही. तरी सर्व जिवंत. आश्चर्य!'

शर्वाणीच्या पायऱ्या जास्त चढाच्या होत्या. पहिल्या दिवशी तिने एकट्या दाजीकाकांना अष्टपादाची गोष्ट सांगितली. मग घरच्यांना, मग वर्गात पाच मिनिटं. एके दिवशी ती मधूनच पळून आली आणि उशीत तोंड खुपसून रडली. "पाय घसरला म्हणून जिना पाडायचा नसतो," डॉक्टरआजींनी किनाऱ्यावरून कळवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच पायरीवर उभी राहिली.

ठरलेल्या शनिवारी भोजनगृह भरलं. शर्वाणी उठली आणि पोटात कळ आली. दार चार पावलांवर होतं. वाज हवं तेवढं, मी काही जात नाही, असं तिने मनात बजावलं आणि तोंड उघडलं. पहिलं वाक्य कापऱ्या आवाजात आलं, दुसरंही. करवंटीची गोष्ट आली तेव्हा लोक पुढे सरकून ऐकायला लागले. आपलं पोट कधी थांबलं, हे तिला कळलंही नाही.

टाळ्या संपल्यावर सात वर्षांच्या कबीरने हात वर केला. "ताई, तुझा आवाज का कापत होता?"

वेदांत खुदकन हसला. शर्वाणी नाही हसली.

"घाबरले होते म्हणून."

"मग पळून का नाही गेलीस?"

"गेले असते, तर अष्टपादाची गोष्ट आत्ता वेदांतने सांगितली असती."

लोक खो खो हसले. कबीर मात्र तिच्याजवळ आला आणि तिच्या कानाशी कुजबुजला, "मला पाणबुडीत तसं होतं. म्हणून मी आजोळी जातच नाही. कुणाला सांगू नकोस."

शर्वाणीने त्याचा हात धरला. तो घामाने ओला होता.

"एकाच माणसाला सांगू," ती म्हणाली. "मंगळवारी डॉक्टरआजी येतायत. मी येते तुझ्याबरोबर."