पोपटी बाही

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मी कुणाच्या विनवण्या करायला आलेली नाही. पण यातला शब्द न् शब्द खरा आहे.

आणि रात्रबित्र नव्हती. शनिवार. दुपारचे सव्वातीन. माझ्या कामाच्या खोलीत लख्ख ऊन.

माझं काम असं की, दादा देशोदेशी फिरून जुन्या इमारतींचे फोटो काढतो आणि मी ते कॉम्प्युटरवर रंगवते. करडा दगड जांभळा, सावल्या निळ्या, आभाळ केशरी. हॉटेलवाले भिंतीवर लावायला घेतात. दादा म्हणतो, "तुझ्या इमारतींना ताप चढलेला असतो." म्हणू दे.

रंगवण्याआधी सफाई. फोटोत घुसलेली माणसं पुसायची. शेजारचा दगड उचलायचा आणि माणसावर डकवायचा. आम्ही त्याला ठिगळ म्हणतो. खऱ्या ठिगळाला कुठलंतरी कापड फाडावं लागतं. इथे तसं नाही. दगड जागच्या जागी राहतो, फक्त नक्कल येते.

निदान मला तसंच वाटत होतं.

त्या दिवशीच्या फोटोत एक लांबच लांब दगडी व्हरांडा होता. एकीमागे एक सात कमानी. आणि अगदी शेवटच्या कमानीत...

एक माणूस. पाठमोरा. पांढरा शर्ट.

दादाला फोन लावला. "अरे, एका माणसाला बाजूला हो म्हणता आलं नाही तुला?"

"कुठला माणूस? तासभर थांबलो होतो मी. चिटपाखरू नव्हतं तिथे."

"डोळे तपासून घे," म्हटलं आणि ठिगळ लावलं. माणूस गेला. मी पाणी पिऊन आले.

तो चौथ्या कमानीत होता.

अजून पाठमोराच. म्हणजे तो उलटा चालत येत होता.

बाहेरून बाबांचा आवाज आला. "कोण आलंय गं?"

"कुणी नाही, बाबा."

"पावलं वाजली. दगडावर वाजतात तशी."

आमच्या घरात दगड नाही. लाकडी जमीन आहे.

बाबांचे डोळे गेल्यात जमा आहेत. फिका रंग त्यांना दिसतच नाही. आई जाऊन तीन वर्षं झाली. तिला फोटोचा तिटकारा, त्यामुळे धड असा एकच फोटो आहे, खुर्चीत बसलेला. तो मी रंगवून दिला. स्वेटर भडक पोपटी केला, समोरच्या भिंतीवरून बाबांना दिसावा म्हणून. रोज सकाळी ते त्या पोपटी डागाशी बोलतात. गुडघेदुखी, शेजाऱ्यांच्या चुगल्या, माझ्या तक्रारी. त्यांचं जगणं त्यावर चाललंय म्हटलं तरी चालेल.

मी तणतणत दुसरं ठिगळ लावलं.

लगेच बाबा म्हणाले, "अगं, हिच्या फोटोला काय केलंस? एक बाही दिसत नाहीये."

जाऊन बघितलं...

स्वेटरची डावी बाही नव्हती. आईचा दंड उघडा होता, त्यावर काटा आलेला. काचेच्या आत. कागदावर.

धावत खोलीत आले. तो पहिल्या कमानीत होता. इतका जवळ, की कॉलरचा मळ दिसत होता. शर्ट पांढराच.

फक्त डावी बाही पोपटी.

टक्... टक्... आता आवाज माझ्या खुर्चीमागून येत होता.

तेवढ्यात छापखान्यातून सकाळपासूनचा तिसरा फोन. "ताई, पाचला मशीन बंद होतं. फाइल देताय की नाही?"

इथे मी थांबू शकले असते. खोटं कशाला बोलू? कापड कुठून फाटतंय ते मला कळलं होतं. पण तो माझ्या पाठीमागे उभा होता आणि मला तो तिथे नको होता. आई काय, गेलेलीच होती. हो, हाच विचार माझ्या मनात आला. माझी मलाच किळस येते.

तिसरं ठिगळ लावलं.

आवाज बंद. व्हरांडा रिकामा. मी घाईघाईत रंग भरले आणि फाइल पाठवून दिली. मगच बाहेर गेले.

भिंतीवर फ्रेम होती. फ्रेममध्ये खुर्ची होती. खुर्चीत तो बसला होता, पाठमोरा.

अंगात आईचा पोपटी स्वेटर.

कॉम्प्युटरवर केलेलं सगळं मी एकेक पायरी मागे नेऊन बघितलं. जुन्या फाइली उघडल्या, आईच्या फोटोची प्रत्येक प्रत काढली. सगळीकडे तोच. दादाच्या मूळ फोटोत मात्र कुणीच नाही.

ते चित्र आता दूरच्या एका हॉटेलात लागलंय. मागच्या महिन्यात दादा तिथे उतरला होता. म्हणाला, "छान दिसतंय. पण शेवटच्या कमानीत एक बाई राहिलीये बघ. बसलीये, दंडाला हात आवळून. थंडी वाजत असल्यासारखी. पुसायची विसरलीस का?"

आपली आई त्याला ओळखू आली नाही. मीही सांगितलं नाही.

बाबांनाही सांगितलेलं नाही. त्यांना पोपटी डाग दिसतो, तेवढं पुरतं. रोज सकाळी ते खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतात आणि मनातलं बोलतात. सगळं. आई समजून.

मी त्या भिंतीकडे बघत नाही.

आज सकाळी ते फार खुशीत होते. मला हाक मारून हळूच म्हणाले, "ती वळतेय गं. रोज थोडी थोडी. आज कान दिसला... आणि गालावरचा तीळ."

आईच्या गालावर तीळ नव्हता.

आणि बाबांना हातभर अंतरावरून माझा चेहराही दिसत नाही.